समोर कुणी आहे का?

मुहर्रकमध्ये ऑगस्टची रात्र.
एसीच्या नळीतून बादलीत थेंब
आणि पडद्यावर राखाडी अक्षरं.
परवापर्यंत ही स्क्रिप्ट रंगात बोलायची:
चुकलं की लाल, जमलं की हिरवं,
मधेच पिवळ्यात एखादी कुरकुर.
नवी आवृत्ती चढवली
आणि हिचा चेहरा उतरला.

कमिटच्या दाराशी उभी असते ती,
आत येणाऱ्या प्रत्येक ओळीचे खिसे तपासते.
अजूनही तपासते, चोख.
फक्त बोलत नाही.
चाळीस सेकंद शुकशुकाट,
मग सगळं एकदम,
पंगतीत आमटीचं पातेलं उपडं व्हावं तसं.

"रंग गेला तर बिघडलं काय?"
दुबईहून प्रभंजन विचारतो.
म्हटलं, काही नाही रे.
मीठ गेलंय फक्त.

खणत गेलो.
दोन वर्षांपूर्वीचा एक बदल सापडला,
नीटनेटका, हेतू सरळ:
अनेक स्क्रिप्ट एकदम धावल्या
तर एकीचं बोलणं दुसरीत मिसळू नये,
म्हणून मधे एक पाइप.
तो सगळ्यांचं ऐकून घेतो, धरून ठेवतो,
जिचं तिचं मागाहून सोडतो.
यात वाईट काय? काहीच नाही.

पण तोंड उघडण्याआधी स्क्रिप्ट
हळूच एक विचारून घेते:
समोर टर्मिनल आहे का?
पाइप खरं तेच सांगतो. नाही.
मग ती रंग आवरून ठेवते,
पाहुणे येत नाहीत असं कळल्यावर
चांगल्या कपबशा परत फडताळात जाव्यात तसे.

खाली चहाला गेलो.
पहारेकरी मुबारक जागाच होता.
त्याचा आजा मोत्यांच्या होडीवर दोर धरायचा.
बुडी मारणारा तळाशी, नाकाला चिमटा,
दम संपला की दोराला एक हिसका,
आणि वरच्यानं ओढून घ्यायचं.
"मधे कुणी?" मी विचारलं.
"मधे पाणी," तो म्हणाला
आणि साखर ढवळत बसला.

संगमेश्वरला फोन लागतो शुक्रवारी.
आईला ऐकू कमी येतं,
म्हणून फोन विश्रामच्या कानाला.
मागे ती बराच वेळ काही सांगत असते,
हातवारे करत असावी, बांगड्या वाजतात.
हा हं हं करत साठवतो,
मग मला म्हणतो,
"बरी आहे म्हणते."

पहाटेपर्यंत अकरा ओळी झाल्या.
स्क्रिप्ट एकटी असेल तर पाइप काढ,
टर्मिनल थेट तिच्या हाती दे.
दोघीतिघी असल्या तर राहू दे मधला,
त्याच्यावाचून नुसता गलका होईल.
अकरातल्या चार ओळी तर
जुन्याच होत्या, जागा बदललेल्या.

मुद्दाम एक कंस उघडा टाकून कमिट केलं.
थांबलो. बाहेर फजरची बांग सुरू झाली.
आणि पडद्यावर, चाळीस सेकंदांनी नव्हे,
लगेच, लाल.
भडक, निर्लज्ज, मिरची कांडल्यासारखी लाल.
चूक पाहून इतका आनंद
शाळेतल्या एकाही मास्तराला झाला नसेल.
प्रभंजनला फोटो पाठवला.
त्यानं अंगठा दाखवला आणि झोपला.

शुक्रवारी विश्रामला म्हटलं,
फोन तिच्या हातात दे
आणि तू जरा पडवीत जाऊन बस.
"तिला ऐकू यायचं नाही तुझं."
नसू दे. मला येतं.

खरखर झाली. एक दीर्घ श्वास.
"मेल्या, हात झडले काय रे फोन करायला?"
आणि मग न थांबता
नारळ पाडायला माणूस मिळत नाही ते,
डाव्या गुडघ्याचं, सुलभाच्या सुनेचं,
विश्राम औषध लपवून ठेवतो ते
(ठेवत नसावा),
आणि तुझ्याकडे ओला नारळ मिळतो का?

मिळतो, मी ओरडून सांगितलं.
शेजारच्यानं भिंतीवर थाप मारली.
तिला काही ऐकू गेलं नाही,
ती केव्हाच फणसावर पोचली होती.